गाडीचं इंजिन घरीच चेक करताय? मग या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे गाडी फिरवून आणायची, दारात लावायची आणि लगेच बॉनेट उघडून बसायचं. इंजिन बघायचं तर सकाळी, रात्रभर थंड झाल्यावर बघा, कारण गरम इंजिनात खडखड बी दबते आणि पहिल्या स्टार्टचा धूर बी दिसत नाही. जुनी गाडी बघायला गेलात आणि मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर चहा प्या अन् उद्या परत या.

ऑइलची पट्टी सपाट जागेवर काढा, पुसा, परत घाला, मग बघा. नुकतंच बंद केलेल्या गाडीत ऑइल वरच अडकलेलं असतं, लेव्हल कमी दिसते, मग लोक अजून ओततात, आणि जास्त ऑइलचा फेस होऊन सीलमधून गळायला लागतं. डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतंच, त्याला घाबरू नका. पट्टीवर दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) ऑइलात मिसळतंय, गाडी चालूच करू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

आता आपल्याकडची खास चूक, मी स्वतः केलेली. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी! हीटरच्या रॉडवर चढतो ना तो पांढरा थर, तोच आत बसतो. दोन उन्हाळे मी तसंच टॉपअप केलं, आणि भर मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर गेला. मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून हातावर ठेवला, चुना लावल्यासारखा पांढराफट, उघडतच नव्हता. म्हणून कूलंटच टाका, ते पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. आणि रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना कधीच उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी तोंडावर येतं.

धुराचं थोडक्यात: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा. थंडीत सकाळी जरा पांढरी वाफ येते ती चालते, पण इंजिन गरम होऊनही दाट पांढरा निघत राहिला तर कूलंट जळत असेल. सोयाबीनच्या मळणीत रस्त्यावर काय धूळ असते माहितीय, तेव्हा फिल्टर लवकर तपासा, पण कागदी फिल्टर नळाखाली धुऊ नका राव, तो बदलायचा असतो.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी काळा-तपकिरी डाग दिसला तर ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट, आणि नुसतं साधं पाणी असेल तर ते एसीचं, निवांत राहा.