रशियन परीकथेची हाताने काढलेली फिल्म: नव्याने येणाऱ्यांसाठी

ॲनिमेशन शिकणारी मुलं भेटली की मी त्यांना आधी हिशोब करायला लावते. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम चालवलं, म्हणजे ‘टूज’वर काम केलं, तरी सेकंदाला १२ चित्रं. दहा मिनिटांच्या फिल्मला ७,२००, आणि तीही पडद्यावर एकच पात्र आहे असं धरून. त्यामुळे पहिली कथा निवडताना ती आवडते का याच्याइतकंच ती किती चित्रं खाणार, हेही बघा.

याबाबतीत रशियन लोककथा फार सोयीच्या. ‘गूसी-लेबेदी’ ही हंसांची गोष्ट घ्या. हंस भावाला पळवतात, बहीण मागे धावते. वाटेत चूल, सफरचंदाचं झाड आणि दुधाची नदी. परतताना पुन्हा तेच तिघं. म्हणजे बॅकग्राउंड तीच, धावण्याची सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवायची चित्रमालिका, तीच. बदलतो तो मुलीचा चेहरा. सगळी मेहनत तिथे ओता. इवानोव-वानो आणि स्नेझ्को-ब्लोत्स्काया यांनी १९४९ मध्ये सोयूझमुल्तफिल्म स्टुडिओत ही कथा केली होती.

जुन्या फिल्म बघाच, पण फ्रेम पुढेमागे करून. यूट्यूबवर पॉज करून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की एकेक फ्रेम सरकते. १९५७ ची ‘स्नेझ्नाया करोलेवा’ लावा. हिमराणी खऱ्या अभिनेत्रीच्या चित्रीकरणावरून गिरवलेली आहे. या पद्धतीला तिथे ‘एक्लेर’ म्हणतात. राणीच्या थंड, जड हालचालींना ती शोभते. तीच पद्धत सरसकट वापरली की पात्रं मेणाची वाटायला लागतात, असं माझं मत. रशियन दिग्दर्शक नॉर्श्तेइनचं ‘हेजहॉग इन द फॉग’ (१९७५) सगळ्यांनाच आवडतं, मलाही. पण ते कापलेल्या तुकड्यांचं, काचांच्या थरांवरचं काम आहे. ते बघून इनबिटवीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढणं, शिकता येणार नाही.

आता संवाद. इथे भाषा येत नसेल तर हमखास पकडले जाता. दूध म्हणजे ‘मोलोको’. लिहिताना तीन ‘ओ’, पण जोर शेवटच्या अक्षरावर, म्हणून कानाला ‘मलाको’ असं काहीसं ऐकू येतं. ‘म’ला ओठ मिटलेले, मग दोनदा जबडा नुसता सैल, आणि ओठांचा चंबू फक्त शेवटी. शब्द अर्ध्या सेकंदात संपतो, म्हणजे हातात सहा चित्रं. लिपी बघून तोंडं काढणारे तीन चंबू काढतात आणि मुलगी मासोळीसारखी दिसते! आवाज आधी रेकॉर्ड करून घ्या, एक्स्पोजर शीटवर (कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र, याच्या तक्त्यावर) जोराच्या अक्षराला लाल खूण करा, मगच पेन्सिल उचला.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकता येतं. तेवढ्या पायावर उच्चाराचा कान तयार होतो. मॉस्कोला जायचंच असेल तर १९१९ पासूनची व्हीजीआयके ही चित्रपटसंस्था आहे, आणि ‘शार’ आहे, नॉर्श्तेइन, खित्रुक, ख्र्झानोव्स्की, नाझारोव यांनी १९९३ मध्ये काढलेली शाळा-स्टुडिओ. परदेशी विद्यार्थ्यांना बहुधा आधी भाषेचं तयारीचं वर्ष करावं लागतं. पैशांचं गणित मांडताना ते धरा.

लाइटबॉक्स (खालून उजेड असलेलं चित्र काढायचं टेबल) आणि पेगबार (कागद जागेवर धरणारी खुंट्यांची पट्टी) नसेल तर अडू नका. ओपनटून्झ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पोर्टफोलिओत बाबा यागाची, रशियन कथांमधल्या चेटकिणीची, रंगीत पोस्टरं नकोत. एक चाल, एक वळण आणि रशियन वाक्याचा एक लिपसिंक (आवाजाशी जुळणारं तोंड), पेन्सिलमध्येच ठेवा.