कोशर मटण, मीठ आणि नारळाचे दूध

कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार चालणारे अन्न. मांस आणि दूध एकत्र न खाण्याच्या त्यातील नियमामुळे कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घरांत मटणाच्या रश्श्याला दह्याऐवजी नारळाचे दूध घालतात. मात्र त्यातही संपृक्त मेद भरपूर असल्याने रोजच्या स्वयंपाकात पहिले घट्ट दूध थोडेच वापरून दाटपणा पातळ दुधाने आणि वाटलेल्या कांद्याने आणावा. मिठाची बाब मला याहून महत्त्वाची वाटते. धर्मनियमानुसार रक्त निघून जावे म्हणून मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, जाड मीठ चोळून तासभर निथळत ठेवतात आणि नंतर तीनदा धुतात, तरीही थोडे मीठ आत मुरतेच. म्हणून घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर रश्श्यात आधी मीठ घालूच नये. मटण शिजल्यावर चव पाहून, अगदी लागलेच तर चिमूटभर घालावे आणि आंबटपणासाठी लिंबू पिळावे. अधूनमधून मटणाऐवजी बांगडा किंवा तारली घ्यावी. पर आणि खवले असल्याने हे मासे धर्मनियमाला चालतात, शिवाय त्यांत ओमेगा-३ मेदाम्ले चांगल्या प्रमाणात असतात. मांसाहारानंतर दुधासाठी काही तास थांबावे लागत असल्याने दूध-दही सकाळच्या न्याहारीलाच घेणे सोयीचे पडते.