व्हिडिओ अडला आणि ॲडब्लॉकरचा इशारा आला, तर काय करावे

यूट्यूबवर व्हिडिओ सुरू होण्याऐवजी प्लेअरवर एक चौकट येते. ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारे साधन, वापरणे सेवेच्या अटींत बसत नाही, असे तीत लिहिलेले असते आणि खाली दोन बटणे असतात: एक जाहिरातींना परवानगी देण्याचे आणि दुसरे पैसे भरून प्रीमियम घेण्याचे. यूट्यूबने २०२३ च्या मध्यात हे इशारे काही मोजक्या वापरकर्त्यांना दाखवून पाहिले. तीन व्हिडिओंनंतर प्लेअर बंद होईल अशी ताकीदही त्यांत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ही मोहीम जगभर राबवली जात असल्याचे कंपनीने मान्य केले. तेव्हापासून ब्लॉकर बनवणारे नवे फिल्टर, म्हणजे जाहिराती ओळखण्याचे नियम, काढतात, यूट्यूब ब्लॉकर ओळखण्याची पद्धत बदलते आणि ही ओढाताण थांबलेली नाही. यात सामान्य वापरकर्त्याचे सर्वाधिक नुकसान होते ते इशारा पाहून घाईघाईत बसवलेल्या नको त्या गोष्टींमुळे. त्यामुळे नवे काहीही बसवण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

आधी कारण शोधावे

ब्लॉकर नसतानाही इशारा येतो, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते आणि ती खोटी नसते. ब्रेव्हसारख्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवण्याची सोय मुळातच असते. काही अँटिव्हायरस आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वापरू देणाऱ्या) सेवाही आपले एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) किंवा जाहिराती रोखण्याचा पर्याय गुपचूप चालू ठेवतात. अशा वेळी तोच व्हिडिओ खासगी विंडोमध्ये उघडून पाहावा, कारण क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत खासगी विंडोमध्ये एक्स्टेंशन सहसा बंद असतात. तिथे व्हिडिओ नीट चालला, तर नेहमीच्या विंडोत एकेक एक्स्टेंशन बंद करून, प्रत्येक वेळी पान पुन्हा लोड करून, इशारा कशामुळे येतो ते शोधावे. हे काम कंटाळवाणे असले तरी पाच-दहा मिनिटांत उरकते.

व्हिडिओ रखडला म्हणजे तो मुद्दाम रखडवला जात आहे, असेही लगेच धरून चालू नये. जानेवारी २०२४ मध्ये यूट्यूब उघडताच संगणक संथ होतो आणि प्रोसेसरवर ताण येतो, असा बराच गवगवा झाला आणि सर्वांनी बोट यूट्यूबकडे दाखवले. प्रत्यक्षात दोष ॲडब्लॉक आणि ॲडब्लॉक प्लस या एक्स्टेंशनच्या नव्या आवृत्त्यांत होता आणि पुढच्या अपडेटने तो दूर झाला. मात्र त्याच्या दोनच महिने आधी, ब्लॉकर वापरणाऱ्यांना व्हिडिओ पाहताना अडचण जाणवू शकते, मग ब्राउझर कोणताही असो, असे यूट्यूबनेच सांगितले होते. दोन्ही शक्यता खऱ्या असल्यामुळे तपासल्याशिवाय दोष कोणाच्याही माथी मारू नये.

ब्लॉकर ठेवायचा असेल तर

एका वेळी एकच ब्लॉकर ठेवावा. दोन ब्लॉकर बसवले की संरक्षण दुप्पट होते, हा समज चुकीचा आहे. एकाने लपवलेली गोष्ट दुसरा उघडी पाडतो आणि इशारा अधिक लवकर येतो. यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधील फिल्टर याद्यांच्या पानावर जाऊन मूळ याद्या चालू ठेवाव्यात, कुठून तरी उचलून चिकटवलेले स्वतःचे नियम काढून टाकावेत, याद्या अद्ययावत कराव्यात आणि व्हिडिओचे पान नव्याने उघडावे. इशाऱ्यावर निघालेला तोडगा या याद्यांतूनच पोहोचतो. तो कधी काही तासांत येतो, तर कधी थोडा खोळंबा होतो.

क्रोम वापरणाऱ्यांची अडचण मुळातून समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी ब्राउझरकडून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेंशन स्वतः तपासत असे आणि ती जाऊ द्यायची की नाही हे जागच्या जागी ठरवत असे. मॅनिफेस्ट व्ही३ या गूगलच्या नव्या चौकटीत एक्स्टेंशनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची असते आणि अडवण्याचे काम ब्राउझर करतो. जुनी चौकट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत काढली गेली, त्यामुळे यूब्लॉक ओरिजिनची पूर्ण आवृत्ती आता क्रोमवर चालत नाही. तिची लाइट आवृत्ती चालते, पण तिचे नियम मुख्यतः एक्स्टेंशनच्या अपडेटबरोबरच बदलतात आणि रोज डाव बदलणाऱ्या संकेतस्थळापुढे ती मागे पडते. फायरफॉक्सने जुनी सोय कायम ठेवली आहे. ब्लॉकर ठेवायचाच असेल तर ब्राउझर बदलणे हा क्रोमवर खटपट करत बसण्यापेक्षा सोपा मार्ग आहे.

घरच्या नेटवर्कवर डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेच्या) पातळीवर जाहिराती रोखणाऱ्या पाय-होलसारख्या साधनांकडून येथे अपेक्षा ठेवू नये. व्हिडिओ आणि त्यातील जाहिरात बहुधा एकाच सर्व्हर-समूहातून येतात. एकाला अडवले की दुसराही अडतो. ट्विचसारख्या थेट प्रक्षेपणाच्या सेवा तर जाहिरात थेट व्हिडिओच्या प्रवाहातच शिवून पाठवतात आणि तसाच प्रयोग यूट्यूबने केल्याचे २०२४ च्या मध्यात दिसून आले.

काय बसवू नये

ब्लॉकर बसवताना ब्राउझर एक परवानगी मागतो: सर्व संकेतस्थळांवरील आपला सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची. बँकेचे पानही त्यात आले. ही ओळ न वाचताच पुढे जाण्याची आपल्याला सवय लागली आहे आणि ठकांना तेच हवे असते. २०१८ मध्ये क्रोमच्या अधिकृत दुकानातच नामांकित ब्लॉकरांच्या नकला सापडल्या आणि त्या बसवणाऱ्यांची संख्या मिळून २ कोटींच्या वर होती. त्यामुळे शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या दुव्यावर जाऊ नये. निर्मात्याच्या अधिकृत पानावरील दुव्यावरूनच एक्स्टेंशन घ्यावे आणि प्रकाशकाचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहावे.

मोबाइलवर हा धोका अधिक आहे. जाहिराती गाळणाऱ्या परक्या ॲपवरही कारवाई होईल, असे यूट्यूबने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्याआधी, २०२२ मध्ये, यूट्यूब जाहिरातींविना दाखवणारे व्हॅन्स्ड हे लोकप्रिय ॲप कायदेशीर दबावाखाली बंद झाले होते. अशा बंद पडलेल्या ॲपची नावे लावून फिरणाऱ्या फाइली हे आयते जाळे असते. तसली फाइल बसवून तिच्यात आपले मुख्य गूगल खाते उघडणे म्हणजे ईमेल, फोटो आणि संपर्क अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

परवानगी किंवा पैसे

ब्लॉकर बसवणे आणि एखाद्या सेवेच्या अटी मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये ॲडब्लॉक प्लसला बेकायदा ठरवण्यास नकार दिला. तरीही आपल्या अटी न पाळणाऱ्याला व्हिडिओ न दाखवण्याचा मार्ग सेवेपुढे मोकळा राहतो. ब्लॉकर हे सुरक्षेचे साधनही आहे, हे विसरू नये: फसव्या जाहिरातींपासून बचावासाठी तो वापरावा, असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता. त्यामुळे एका संकेतस्थळासाठी ब्लॉकर कायमचा काढून टाकणे मला पटत नाही. टूलबारवरील त्याच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या संकेतस्थळापुरता तो बंद करावा आणि पान पुन्हा लोड करावे. इतरत्र तो चालूच राहतो. यूट्यूबवरील लांब व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नातील ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो, हेही निर्णय घेताना लक्षात असावे. जाहिराती सोसायच्या असतील, तर गूगलच्या माय ॲड सेंटरमध्ये जुगार, मद्य, वजन घटवणे अशा विषयांच्या जाहिराती कमी करता येतात.

पैसे भरायचे ठरवले, तर योजनेचा तपशील नीट वाचावा. प्रीमियममध्ये यूट्यूबच्या जाहिराती बंद होतात, पण निर्मात्याने व्हिडिओतच केलेली प्रायोजकाची भलामण राहते. स्वस्त असलेल्या प्रीमियम लाइटमध्ये संगीतावर आणि शॉर्ट्सवर जाहिराती दिसू शकतात. इतर सेवांनीही हाच रस्ता धरला आहे: नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह स्वस्त योजना आणली आणि प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून पैसे भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. व्हीपीएनद्वारे दुसऱ्या देशाच्या स्वस्त दराने वर्गणी घेणे टाळावे. अशा वर्गण्या यूट्यूबने २०२४ मध्ये रद्द केल्या. मोफत चाचणी घेतली, तर ती संपण्याची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकावी आणि नोंदणी फोनच्या ॲप-दुकानातून झाली की थेट संकेतस्थळावरून, हे टिपून ठेवावे, कारण वर्गणी सहसा जिथून घेतली तिथूनच रद्द करावी लागते.