‘जवळच तर आहे’ म्हणून होणाऱ्या चुका : शहरालगतचं कॅम्पिंग आणि ग्लॅम्पिंग

लांबच्या ट्रेकला जाणारा माणूस आठवडाभर आधी यादी करायला बसतो. तोच माणूस शहरापासून दोन तासांवर तंबू ठोकायला निघाला की ऑफिसातून येऊन हाताला लागेल ते बॅगेत कोंबतो. जवळच तर आहे! शहराजवळच्या कॅम्पिंगमधल्या बहुतेक चुका या तीन शब्दांतून निघतात.

अंधारात पोचणं

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अर्धं शहर त्याच रस्त्याने बाहेर पडत असतं. नकाशावरचे दोन तास चारावर जातात आणि मग टॉर्चच्या झोतात जागा निवडावी लागते. त्या झोतात जमिनीचा उतार दिसत नाही. पहाटेच निघा आणि सूर्य मावळायच्या दोन तास आधी तंबू उभा असेल असं बघा. उशीर झालाच, तर तंबू उघडण्याआधी नुसती मॅट टाकून त्यावर आडवे व्हा. डोकं खाली जातंय का, पाठीला दगड टोचतोय का, ते दोन मिनिटांत कळतं.

सगळ्यात मऊ, सपाट, हिरवी जागा

ती बहुधा पाणी मुरून तशी झालेली असते. शिवाय थंड हवा जड असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री ती उतारावरून घसरत खोलगट भागात साचते. थोडंसं चढावर गेलात तरी रात्र उबदार जाते. तळ्याच्या अगदी काठालाही नको. पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब राहावं, म्हणजे दव कमी पडतं आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाटही अडत नाही. डोक्यावर वाळलेली फांदी नाही ना, तेवढं बघून घ्या.

‘तंबू गळतोय’

पहाटे चारला चेहऱ्यावर थेंब पडतो आणि आपण तंबू बनवणाऱ्याला शिव्या घालतो. आधी आतल्या कापडावर बोट फिरवून बघा. सगळीकडे सारखा ओलसर थर लागला, तर तो पाऊस नव्हे, तुमचाच श्वास आहे. बंद तंबूत झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून पाणी होते. शिवणीच्या रेषेवर किंवा एकाच कोपऱ्यात ओल असेल, तर मात्र खरी गळती समजा.

श्वासाच्या पाण्यावर उपाय थंडीच्या भीतीच्या अगदी उलटा आहे : वरच्या झडपा उघड्या ठेवा. ओले कपडे, ओले बूट आत घेऊ नका. बाहेरचं आवरण आतल्या कापडाला टेकू देऊ नका. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा एकदा ओढून घ्या. गळती शिवणीतून असेल, तर घरी जाऊन शिवणीवर सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा लेप, लावावं लागेल. आणि तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या बाहेर डोकावत असेल, तर पावसाचं पाणी तुम्ही स्वतःच गोळा करून अंगाखाली घेताय. कडा आत दुमडा.

वर दोन पांघरुणं, खाली काहीच नाही

स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग वजनाने चेपतो. त्यातली हवा गेली की ऊबही गेली. गारठा जमिनीतून येतो, त्यामुळे आणखी ब्लँकेट आणण्यापेक्षा चांगली मॅट आणा. घरातली फुगवायची गादी इथे फसवते, कारण तिच्या आतली हवा खेळत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देत बसते. तिच्यावर फोमचा थर टाका. बॅगेवरचे तापमानाचे आकडेही नीट वाचा. ‘कम्फर्ट’ म्हणजे सुखाने झोप लागेल ते तापमान, ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे फक्त जीव वाचेल ते. दुकानात ठळक छापलेला आकडा कम्फर्टचाच असेल, असं धरून चालू नका.

तंबूत शेगडी किंवा निखारे

नाही म्हणजे नाही. विझत आलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ‘झडप उघडी ठेवली होती’ यावर विसंबू नका.

ग्लॅम्पिंग म्हणजे हॉटेल, असं समजणं

ग्लॅम्पिंग म्हणजे आधीच उभ्या केलेल्या, सजवलेल्या तंबूत राहणं. तिथे पलंग, गालिचा, दिव्यांची माळ असली तरी भिंत कापडाचीच. थंडी आत येते, सकाळी ऊन चढलं की भट्टी होते, आणि शेजारच्या तंबूतली कुजबुजही ऐकू येते. फोटो बघून भाळण्याआधी फोन करून विचारा : बाथरूम तंबूला जोडून आहे की अंधारातून चालत जायचं? वीज रात्रभर असते की ठरावीक तासच? दोन तंबूंमध्ये अंतर किती? रात्री किती वाजता गाणी बंद होतात? शहराजवळच्या जागी माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण शेजारी पार्टी करायला आलेले असू शकतात. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी जागा बघा.

ओला तंबू डिकीत

घर जवळ, म्हणून सकाळच्या दवात भिजलेला तंबू गुंडाळून डिकीत जातो आणि पुढच्या सहलीलाच उघडतो. तोवर कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि आतला जलरोधक लेप चिकट होऊन सुटायला लागतो. हा लेप गेला की तंबू मग खरंच गळतो. घरी पोचलात की चहाआधी तो दारावर, गॅलरीत, जिन्याच्या कठड्यावर पसरा. शिवणी आणि कोपरे शेवटी वाळतात, तिथे हात लावून बघूनच घडी घाला.