सेकंडहँड गाडीचा हीटर गार? आधी दोन पाईप शोधा
आपल्याकडे हीटर क्वचितच लागतो. त्यामुळे हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर; इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, त्यातून फिरून केबिन गरम करतं) गळायला लागला की काही गॅरेजवाले तो न बदलता सरळ बायपास करून देतात, म्हणजे कूलंट कोअरमध्ये न पाठवता थेट इंजिनाकडे परत वळवतात, आणि नव्या मालकाला ते मनालीच्या वाटेवर कळतं.

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी होज शोधा. पत्र्यातली तोंडं रिकामी किंवा बूच मारलेली असतील आणि इंजिनाकडची दोन टोकं एकाच वळवलेल्या होजने जोडलेली असतील, तर बायपास नक्की. होज जागेवर असतील तर इंजिन गरम करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंख्यापासून हात लांब ठेवत दोन्ही चाचपा. एक गरम, एक गार म्हणजे कोअर तुंबलाय किंवा त्यात कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह बंद आहे.

दोन्ही कोमटच, आणि हायवेवर तापमानाचा काटा खालीच? मग थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकल्याचा दाट संशय घ्या. 'गाडी तापू नये' म्हणून हे सर्रास करतात. त्याने इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त जातं. हा बदल मला सगळ्यात घातक वाटतो. थर्मोस्टॅट परत बसवून घ्याच.

बायपास मात्र घाईने काढू नका. आधी डाव्या सीटसमोरचं कार्पेट उचलून ओल, कूलंटचा गोडसर वास किंवा जुने डाग बघा. सापडले तर कोअर बदलूनच होज जोडा, नाहीतर गरम कूलंट पायावर यायचं.