इलाख्यापासून संविधानापर्यंत: राज्यकारभाराचा इतिहास मुंबईत बसून कसा शिकावा

आधुनिक भारताचा इतिहास आणि राज्यव्यवस्था हे विषय एम.ए.ला, सेट-नेटला किंवा एमपीएससीला घेणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात एकाच कागदापासून करतो: ब्रिटिश काळातल्या कायद्यांचा तक्ता. १७७३, १७८४, १८१३, १८३३, १८५३, १८५८, १८६१, १८९२, १९०९, १९१९, १९३५, आणि प्रत्येक सालापुढे चार-चार तरतुदी. हा तक्ता भिंतीवर जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. महिनाभरात १८९२ आणि १९०९ च्या तरतुदी एकमेकींत मिसळतात. पाठांतर कच्चं असतं म्हणून हे होतं असं वाटतं, पण खरी अडचण तक्त्यात आहे: त्यात कायदा असतो, कारभार नसतो.

म्हणून प्रत्येक कायद्याला तीनच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. माणूस कोण नेमतो किंवा निवडतो? खर्चाला मंजुरी कोण देतो? आणि दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा?

मुंबई इलाख्यावर (ब्रिटिश काळातल्या मुंबई प्रांतावर) हे लावून बघा. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा कायदे करण्याचा अधिकार गेला आणि सगळी सूत्रं कलकत्त्याला गेली. १८६१ च्या कायद्याने तो परत आला आणि १८६२ च्या जानेवारीत टाउन हॉलमध्ये मुंबईचं कायदे कौन्सिल भरलं. नाना शंकरशेट त्यात होते, पण नेमलेले. अंदाजपत्रकाशी कौन्सिलचा संबंध नव्हता, आणि कायदा मंजूर झाला तरी गव्हर्नरची व त्यावर गव्हर्नर जनरलची संमती लागे. १८९२ ला अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, मत देता येत नव्हतं. १९०९ ला त्यावर ठराव मांडता येऊ लागले. १९१९ ला खर्चाच्या मागण्यांवर मतदान आलं, पण राखीव, म्हणजे गव्हर्नरच्याच हाती ठेवलेल्या, खात्याची नाकारलेली मागणी गव्हर्नर स्वतःच्या सहीने पुन्हा बहाल करू शकत होता. सालं तीच, पण आता त्यांत क्रम दिसतो आणि क्रम दिसला की तरतुदी वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

१९१९ च्या द्विदल राज्यपद्धतीत, म्हणजे प्रांताची खाती मंत्री आणि गव्हर्नर यांच्यात वाटलेल्या कारभारात, तर दुसरा प्रश्नच सगळं सांगून जातो. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती ही सोपीव खाती मंत्र्यांकडे गेली. अर्थखातं, जमीन महसूल आणि पोलीस राखीव राहिले. मंत्र्याकडे शाळा आल्या, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. १९२३ चा मुंबईचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा वाचताना हे डोक्यात ठेवलं की सक्तीच्या शिक्षणाचा वेग मंद का, याचं उत्तर कायद्याच्या बाहेर सापडतं.

दुसरी सवय म्हणजे एक संस्था धरून शेवटपर्यंत जाणं. मुंबईत राहणाऱ्याला त्यासाठी महापालिकेइतकं सोयीचं उदाहरण मिळणार नाही. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका कमिशनरच्या हाती दिला. कमिशनर आर्थर क्रॉफर्डने कामं झपाट्याने केली, खर्चही झपाट्याने वाढवला, आणि १८७१ मध्ये करदाते उठले. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांचं मंडळ आलं, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मग १८८८ चा कायदा आला. फिरोजशहा मेहता आणि का. त्र्यं. तेलंग यांचा त्याच्या घडणीत मोठा हात होता. हाच कायदा दुरुस्त्या होत होत आजही लागू आहे. तो उघडा आणि कलम ५४ व ६४ शेजारी शेजारी वाचा. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करतं. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला तर त्याला परत बोलवावं लागतं. प्रौढ मताधिकारावर निवडलेलं सभागृह १९४८ मध्ये आलं, पण ही चौकट तीच राहिली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर आयुक्तच प्रशासक झाले आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडलेला एकही नगरसेवक नसताना शहर चाललं. ते कसं शक्य झालं, हे १८८८ ची रचना समजली की लगेच कळतं. वसाहतीच्या कारभाराचा अभ्यास जुन्या काळापुरता नाही, ही गोष्ट इथे जेवढी लख्ख दिसते तेवढी कुठल्याही व्याख्यानात दिसत नाही.

आता एक साखळी जरा जवळून पाहू. पहिल्या दोन महिन्यांचा सराव म्हणून हीच घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगू.

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. नवखा विद्यार्थी इथे लिहून टाकतो की 'कायदा झाला'. कायदा झाला नव्हता. कौन्सिलचा ठराव ही सरकारला केलेली शिफारस होती. ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचा आदेश काढला. नगरपालिका आणि लोकल बोर्डं मात्र स्वतंत्र संस्था, तिथे सरकारचं पत्र पुरेसं नव्हतं. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपला ठराव करून तळं खुलं केलं, पण कागदावरच. ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव मांडला की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान रोखावं. बघा, दुसरा प्रश्न आला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. मग सवर्णांचा दिवाणी दावा, मनाई हुकूम, अपिलं. आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. तिथे प्रश्न राहिला तो मालकीचा आणि वहिवाटीचा: तळं नगरपालिकेचं ठरलं आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही.

या एका साखळीत कौन्सिल, सचिवालय, नगरपालिका, रस्त्यावरचे लोक आणि न्यायालय अशा पाच जागा येतात आणि प्रत्येक जागेचा कागद वेगळ्या ठिकाणी ठेवलेला आहे. वहीचं एक पान आडवं धरा, पाच रकाने पाडा, प्रत्येक तारीख आपापल्या रकान्यात लिहा. रकाना रिकामा राहिला की पुढे काय शोधायचं ते कळतं. हे झाल्यावर संविधानाचा अनुच्छेद १५(२)(ख) काढा. राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट. बोले ठरावातला 'सार्वजनिक पैसा' हा धागा तिथे पुन्हा दिसतो, पण आता शिफारस म्हणून नव्हे, मूलभूत हक्क म्हणून. हे दोन मजकूर एका पानावर आणल्यावर विद्यार्थ्याचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो. याहून चांगली सुरुवात आम्हाला माहीत नाही.

साधनं कुठे? छापील साधनांसाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, कालिन्याचं विद्यापीठ ग्रंथालय आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८ पासूनचं) एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. जिल्ह्यांची जुनी आणि नवी गॅझेटिअर्स शासनाच्या दर्शनिका विभागाने ऑनलाइन दिली आहेत, त्यांसाठी प्रवास करू नका. कौन्सिलातली डॉ. आंबेडकरांची भाषणं शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहेत. संविधान सभेची चर्चाही ऑनलाइन आहे. अनुच्छेदाचा आजचा क्रमांक टाकून शोधू नका, कारण चर्चेच्या वेळी ती मसुद्यातली कलमं होती आणि त्यांचे क्रमांक वेगळे होते. आजचा अनुच्छेद १७ मसुद्यात ११ होता. ही एक चूक माणसाचा अख्खा आठवडा खाते.

हस्तलिखित सरकारी कागदांसाठी राज्य पुराभिलेखागार. ते काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत वसलेलं आहे, तरी जायच्या आधी फोन करून आपल्याला हवा तो विभाग कुठे आणि कधी पाहता येतो हे विचारून घ्या. सोबत कॉलेजचं किंवा विभागाचं पत्र, ओळखपत्र, त्यांच्या झेरॉक्स, दोन पेन्सिली आणि खोडरबर. शाईचं पेन कागदाजवळ न्यायचंच नाही. सकाळी पोचा. मागणीपत्र भरलं, ते आत गेलं, शिपाई व्हॉल्यूम घेऊन आला, यात जेवणाची सुट्टी येते आणि दुपारी आलेल्याच्या हाती त्या दिवशी काही पडत नाही. एका वेळी एकच मागणी करू नका. कागद जीर्ण असल्याचा शेरा मारून मागणीपत्र परत आलं तर हाताशी दुसरं काही हवं.

फाइल हातात आली की पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटी जा आणि ठराव शोधा. जुन्या सरकारी ठरावात आधी 'वाचले' म्हणून पत्रांची यादी असते, मग ठराव, आणि खाली कोणाकोणाला प्रती गेल्या ते. आजचा कुठलाही शासन निर्णय उघडा: 'वाचा', 'प्रस्तावना', 'शासन निर्णय', 'प्रत'. सांगाडा तोच. ठराव कळल्यावर 'वाचले'च्या यादीतली पत्रं एकेक करून मागे वाचत जा. कलेक्टरने काय मागितलं, कमिशनरने त्यात काय घातलं, सचिवाने समासात काय लिहिलं. कलेक्टरचं पत्र आधी वाचणारा त्याच्याच नजरेने पाहू लागतो. ठरावापासून मागे जाणाऱ्याला काय गळलं ते दिसतं. समासातला पेन्सिलीचा शेरा कधी सोडू नका. खरा नकार बहुधा तिथे असतो.

टिपण घेताना पानाच्या वर खातं, साल, व्हॉल्यूम क्रमांक, कंपायलेशन (व्हॉल्यूममधला एका विषयाच्या कागदांचा गठ्ठा) क्रमांक आणि पान हे पाच तपशील आधी लिहा, मजकूर नंतर. यातला एक राहिला तरी ते टिपण प्रबंधात वापरता येत नाही, आणि सहा महिन्यांनी आठवत काहीच नाही.

नेहमी अडखळतात त्या जागा सांगतो. गावांची जुनी स्पेलिंगं: ठाणे 'टन्ना', रत्नागिरी 'रटनाघेरी' अशा रूपांत येतं, सूची पाहताना तीन-चार रूपं शोधा. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. बेरजा करताना दशमान पद्धत घुसते आणि आकडा चुकतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून पौष-माघातली तारीख पुढच्या इसवी सनात जाते. फसलीत (महसुली वर्षात) ५९० मिळवायचे, आणि ते वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतं. देशी वर्तमानपत्रांचे सरकारी साप्ताहिक गोषवारे इंग्रजीत हाताशी असतात म्हणून अनेक जण तेवढ्यावरच लोकमत लिहून मोकळे होतात. तो गोषवारा सरकारी भाषांतरकाराने सरकारसाठी केलेला आहे. काय निवडायचं हे त्याने ठरवलं. 'केसरी' किंवा 'ज्ञानप्रकाश'चा मूळ अंक मिळत असेल तर तो काढून दोन्ही शेजारी ठेवा. मराठी वाचता येणं हे इथे आपलं मोठं भांडवल आहे, ते वाया घालवू नका. मोडीचंही तसंच: आठवड्याला चार तास दिले तर तीन महिन्यांत साधं वळण वाचता येतं, आणि पेशवाई अखेरचे व कंपनीच्या सुरुवातीचे महसुली कागद उघडतात.

राज्यव्यवस्थेच्या बाजूने रोज अर्धा तास एकच काम करा: १९३५ चा कायदा आणि संविधान समोरासमोर. सातव्या अनुसूचीतल्या तीन याद्या दोन्हीकडे आहेत. कुठला विषय कुठून कुठे हलला त्याची खूण करा. मग निवडलेलं सरकार चालेनासं झालं तर काय, हे सांगणारं १९३५ च्या कायद्यातलं कलम ९३ आणि संविधानातला अनुच्छेद ३५६. बा. गं. खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर नोव्हेंबर १९३९ पासून १९४६ पर्यंत मुंबई इलाखा कलम ९३ खाली गव्हर्नरच्या हाती होता. ३५६ मध्ये निर्णय राष्ट्रपतीचा, दोन महिन्यांत संसदेची मान्यता लागते, आणि मुदत सहा-सहा महिन्यांची. 'उचललेली तरतूद' एवढंच उत्तरात लिहिणाऱ्याने तिसरा प्रश्न विचारलेला नसतो. त्यानंतर अनुच्छेद ३७२ आणि ३९५. एकाने जुने कायदे चालू ठेवले, दुसऱ्याने १९३५ चा कायदा आणि १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा रद्द केला. ही जोडी नीट समजली की १८८८ चा महापालिका कायदा प्रजासत्ताकात कोणत्या दाराने आला ते विचारावं लागत नाही.

या सगळ्याला पहिलं सत्र पुरतं: पहिले दोन महिने बोले ठरावाची साखळी, पुढचा महिना महापालिका, नंतर रोजचा अर्धा तास. पुराभिलेखागारात तिसऱ्या महिन्याच्या आधी जाऊ नका, कारण नेमका व्हॉल्यूम मागता येण्यापुरता प्रश्न तोवर तयार झालेला नसतो. आणि जाल तेव्हा पावसाळा टाळता आला तर टाळा. दमट हवेत जुना कागद मऊ पडतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि उलटताना फाटतात.