नन ऑर्किडचा दांडा फेकू नका

फायस म्हणजेच नन ऑर्किडचं एक रोप नर्सरीत महाग पडतं, आणि गड्डे फोडून वाढवायचं तर वर्षाला जेमतेम एखादं रोप हाती लागतं. फुलं गळाल्यावर जो दांडा आपण कापून कचऱ्यात टाकतो, त्याच्यावरच नवी रोपं येतात.

१. शेवटचं फूल गळलं की दांडा हिरवा असतानाच बुडाशी कापा. ब्लेड आधी गॅसवर तापवून गार करून घ्या.

२. फुलं होती तो शेंड्याकडचा भाग काढून टाका. खालच्या पेरांवर कागदासारखं पातळ आवरण असतं, ते अलगद सोला. आत तांदळाच्या दाण्याएवढा डोळा दिसेल. हा दुखावला की संपलं, म्हणून घाई नको.

३. प्रत्येकी दोन-तीन पेरांचे तुकडे करा. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावा.

४. मिठाईच्या पारदर्शक डब्यात ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) पसरून त्यावर तुकडे आडवे ठेवा. पुरू नका. झाकण लावून डबा सावलीत, पण उजेडात ठेवा.

दोन-तीन महिन्यांत कोंब दिसतात. मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की छोट्या कुंडीत लावा. फुलांसाठी मात्र दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

पानांवर पिवळट चट्टेपट्टे असलेल्या झाडाचा दांडा घेऊ नका. व्हायरस असला तर तो सगळ्या पिल्लांत उतरतो.